चौथा वाटा

वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि धाकट्याला विचारलं, "काय मग, जाणार ना तिकडे राहायला? मोकळी जागा आहे, झाडं आहेत, मित्रबित्र होतील." धाकटा विचारात पडला. खरंच पडला, कारण विचार करताना त्याची जीभ ओठाच्या कोपऱ्यात येते, तशी आली होती. मग म्हणाला, "मोटर कोण लावणार मग?" केबिनमध्ये सगळे हसले. वकील हसले, थोरला हसला, कॉम्प्युटरवर टाइप करणारी मुलगी तोंडावर हात ठेवून हसली. खाली फरसाणचं दुकान होतं, तिथल्या गरम तेलाचा वास वर येत होता आणि एसी नुसताच घरघरत होता. मामी तेवढी हसली नाही. वकिलांनी पुन्हा चष्मा खाली घेतला आणि "बरं, तर हक्कसोडचा मसुदा असा आहे" म्हणून वाचायला लागले.

ते वाक्य काही माझ्या डोक्यातून जात नाहीये.

नावं लिहीत नाही, घरातली भांडणं आहेत. थोरला, ताई आणि धाकटा ही माझी मामेभावंडं, मी त्यांची आतेबहीण. धाकटा आता चाळिशी ओलांडलेला आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे. डोंबिवली पूर्वेला मामाने रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून घेतलेला फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट नाही, किचनच्या खिडकीतून शेजारच्या बिल्डिंगचं किचन दिसतं असा. तिथेच धाकटा मोठा झाला. सोसायटीची मोटर लावायचं काम त्याला मामाने शिकवलं. पहाटे पाणी आलं की खालची टाकी भरते, मग मोटर चालू करायची, आणि वरची टाकी भरत आली की पाइपचा आवाज बदलतो, तो कळला पाहिजे. धाकटा पाइपवर हात ठेवून उभा राहतो आणि ओव्हरफ्लो व्हायच्या आधी बटण बंद करतो. त्या सोसायटीत वॉचमन किती बदलले, सेक्रेटरी किती बदलले, मोटरसुद्धा बदलली, हा तिथेच. म्हणजे त्याला विचारलं होतं की घर सोडशील का, आणि त्याने सांगितलं की माझं इथे काम आहे. ह्यात हसण्यासारखं काय होतं मला अजून कळलेलं नाही. एखाद्या रिटायर्ड माणसाने "मी गावाला गेलो तर सोसायटीचे हिशोब कोण बघणार" म्हटलं असतं तर कोणी हसलं नसतं, उलट "हो ना साहेब" म्हणून मान डोलावली असती.

आता मूळ लफडं. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. डोंबिवलीत सध्या कुठल्याही गल्लीत बघा, पत्रे ठोकलेले दिसतील. जास्तीचा कार्पेट एरिया, कॉर्पस म्हणजे बिल्डरकडून मिळणारी ठोक रक्कम, भाडं, लिफ्ट, पार्किंग, सगळ्यांच्या डोळ्यांत चमक आलीय, आणि ती येणारच, दोन जिने चढून मामीच्या गुडघ्यांचं पार वाटोळं झालंय. पण बिल्डरबरोबर प्रत्येक फ्लॅटचा ॲग्रीमेंट करायचा म्हणजे फ्लॅट कोणाचा हे आधी ठरलं पाहिजे. मामाने नॉमिनी म्हणून थोरल्याचं नाव लावलेलं. त्या पिढीत सगळ्यांनी तेच केलंय, मोठा मुलगा म्हणून त्याचं नाव, त्यात फार विचार नव्हता. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मी सहकारी बँकेत आहे, हे वाक्य मी काउंटरवर इतक्या लोकांना सांगितलंय की झोपेत पण म्हणेन. नॉमिनीने फक्त सांभाळायचं, मालक वारस. मृत्युपत्र नाही, फ्लॅट मामाच्या स्वतःच्या कमाईचा, त्यामुळे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको आणि तीन मुलं असे चार सारखे वाटे. चौथा वाटा धाकट्याचा. सोसायटी म्हणाली, एक तर सगळ्यांची नावं लावा नाहीतर बाकीच्यांचं हक्कसोड आणा. थोरल्याने दुसरा पर्याय निवडला. हक्कसोड सगळ्यांनी त्याच्या नावाने द्यायचं, नवा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर, आई आहे तोवर आई तिथे राहील, आणि धाकट्याची सोय बदलापूरच्या पुढे एका निवासी संस्थेत, तिचा खर्च थोरला देणार.

थोरल्याला खलनायक करून टाकणं फार सोपं आहे आणि ते मला जमत नाही. सुट्टीत आम्ही सगळे मामाकडे जायचो तेव्हा खाली कंपाउंडमध्ये क्रिकेट चालायचं आणि पोरं धाकट्याला घ्यायला तयार नसायची. थोरला सांगायचा, ह्याला घेत असाल तर बॅट मिळेल, नाहीतर मी बॅट घेऊन वर चाललो. बॅट त्याची एकट्याचीच होती. मग धाकटा लिंबूटिंबू म्हणून खेळायचा, म्हणजे पळायचं सगळ्यांबरोबर पण आउट झालं तरी आउट नाही, आणि रन काढले तरी धरायचे नाहीत. पुढे थोरल्याच्या लग्नाच्या वेळी स्थळं यायची, पोहे खाऊन जायची, आणि मग निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणाची जुळत नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं, कारण पाहुणे असताना धाकट्याला आमच्याकडे आणून ठेवायची पद्धत मामीनेच सुरू केली होती आणि थोरल्याने एकदा ती मोडली, म्हणाला तो इथेच बसेल, ज्यांना यायचं त्यांनी या. धाकट्याच्या थायरॉइडच्या टेस्ट, दातांचा खर्च, मागे त्याला न्यूमोनिया झाला तेव्हाचं हॉस्पिटल, सगळं थोरल्याने केलंय. ताईने पैशाने कमी, पण येऊनजाऊन केलंय. हे पण खरं आहे की ताईचं कल्याणचं घर दोन खोल्यांचं, मुलगा बारावीत, सासूबाई अंथरुणावर, आणि ती मला एकदा हळूच म्हणाली होती, "चार दिवस ठीक आहे गं, कायमचं मला नाही झेपायचं." आता मात्र ती हक्कसोडवर सही करायला तयार नाही, आणि थोरल्याला वाटतं की धाकट्याला पुढे करून ताईच स्वतःचा वाटा पक्का करतेय. असेलही तसं थोडंफार. मुंबईच्या आसपास घराची गोष्ट निघाली की शंभर टक्के निर्मळ मन कोणाचं राहतं?

भांडण झालं ते मामीकडेच, रविवारी सकाळी. ताई म्हणाली त्याचं नाव लागलं पाहिजे, थोरला म्हणाला नाव लावून काय करणार आहेस, त्याला कळतं का नाव म्हणजे काय. उद्या आईच्या आजारपणाला पैसा लागला, फ्लॅट विकायची वेळ आली, तर ह्याचं नाव असल्यामुळे कुठे कुठे परवानग्या मागत फिरायचं, गिऱ्हाईक पळून जाईल, बँक लोन देणार नाही. मग ताई काहीतरी बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि थोरला ताडकन उठला, त्याचा आवाज चिरकला होता, "अगं मी काय त्याला उपाशी ठेवणार आहे का? जन्मभर खायला घालीन, कपडालत्ता, औषधं, सगळं करीन, लिहून देऊ का?"

धाकटा तेव्हा गॅलरीत कपडे वाळत घालत होता. चिमटे रंगाप्रमाणे लावतो तो.

थोरल्याचं ते वाक्य ऐकताना मला वाटलं हे कुठेतरी वाचलंय आणि मग आठवलं, बँकेच्या परीक्षेसाठी कायदा वाचला होता तेव्हा. जुन्या हिंदू धर्मशास्त्रात जन्मांध, बहिरा, मुका, वेडा, मतिमंद अशांना वडिलांच्या मिळकतीत वाटा नव्हता. पण त्यांना वाऱ्यावर सोडा असंही नव्हतं, ज्यांनी वाटा घेतला त्यांनी ह्यांना जन्मभर अन्नवस्त्र द्यायचं. धृतराष्ट्राची गादी आंधळेपणामुळे गेली ती ह्याच विचाराने. इंग्रजांच्या काळात १९२८ साली कायदा करून ह्यातली बहुतेक मंडळी वारसांत घेतली, पण जन्मापासून वेडा किंवा मतिमंद असलेला तेव्हाही बाहेरच राहिला. त्याच्यासाठी दार उघडलं ते १९५६ च्या वारसा कायद्याने. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात साधं सरळ लिहिलंय की रोग, व्यंग किंवा शारीरिक दोष ह्या कारणावरून कोणालाही वारसा नाकारता येणार नाही. म्हणजे मामाने फ्लॅट घेतला त्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न कागदावर सुटलेला होता. थोरला जे मनापासून, डोळ्यांत पाणी आणून देऊ करत होता ते १९५६ च्या आधीचं होतं. अन्नवस्त्र घे, वाटा मागू नकोस. आणि मी जेवढी घरं बघितली आहेत ना अशी, त्यातली बहुतेक तिथेच आहेत. माया भरपूर. सातबारावर, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव मात्र नाही. तिथे तो अजून लिंबूटिंबूच.

बँकेत हे नेहमी बघते. आईवडील येतात, दोघंही सत्तरीचे, बरोबर पस्तिशीचा मुलगा किंवा मुलगी, त्याच्या नावाने खातं उघडायचंय. आम्ही पालकत्वाचं सर्टिफिकेट मागतो तर चिडतात, "अहो आम्ही जन्म दिलाय ह्याला, आणि पालक कोण म्हणून विचारताय?" त्यांची चीड कळते. पण अठरा पूर्ण झाल्यावर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत हे कोणी सांगितलेलंच नसतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता ह्या चार गटांसाठी राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा आहे, त्यात जिल्ह्याच्या कलेक्टरांची स्थानिक स्तरीय समिती पालक नेमते. समितीत कलेक्टर, एका नोंदणीकृत संस्थेचा माणूस आणि एक अपंग व्यक्ती असते. आणि पालक नेमला म्हणजे त्याला मोकळं रान नाही, सहा महिन्यांत मिळकतीची यादी द्यायची, दर वर्षी हिशोब द्यायचा, पैसा खाल्ला किंवा हेळसांड केली तर पालकाला काढूनही टाकतात. कागदावर तरी चांगलं आहे. वकिलांच्या त्या मसुद्यात ह्यातलं काहीच नव्हतं. धाकट्याच्या नावापुढे फक्त अंगठ्यासाठी चौकोन होता. तो म्हणाला मी सही करतो. त्याला येते सही. वर्कशॉपमध्ये, म्हणजे तो जिथे कागदी पिशव्या आणि दिवाळीत पणत्या रंगवायला जातो तिथे, बाईंनी शिकवलीय, फक्त पहिलं नाव, प्रत्येक अक्षर वेगळ्या मापाचं आणि शेवटचं कायम कागदाबाहेर जायला बघतं. वकील म्हणाले, "नको, सही मॅच होत नाही ह्यांची, अंगठाच बरा." म्हणजे हक्क सोडण्याएवढी अक्कल त्याला आहे असं धरायचं, आणि तो ठेवण्याएवढी नाही. शिवाय रजिस्ट्रार ऑफिसमध्ये वेगळीच मजा. १९०८ च्या नोंदणी कायद्यात आजही असं आहे की समोरचा माणूस अज्ञान किंवा वेडसर आहे असं अधिकाऱ्याला नुसतं वाटलं तरी त्याने दस्त नोंदवायचा नाही. आणि २०१६ चा अपंग हक्क कायदा म्हणतो की अपंग माणसाला इतरांसारखंच मिळकत बाळगायचा, वारसाने घ्यायचा हक्क आहे, आणि जो त्याला मदत करतोय त्याचाच त्या व्यवहारात स्वार्थ अडकत असेल तर त्याने त्या व्यवहारापुरतं बाजूला व्हायचं. दोन्ही कायदे चालू आहेत. कुठल्या खिडकीवर कुठला चालेल ते नशीब.

त्या दिवशी मामी म्हणाली "आज राहू दे, मला गरगरतंय," आणि सगळे उठले. तिला गरगरत नव्हतं.

संस्था बघायला मीही गेले होते. वाईट अजिबात नाही, उगाच काहीतरी लिहिणार नाही. लादी स्वच्छ, जेवणाला ताक, कपड्यांवर दोऱ्याने नावं विणलेली, तिथल्या मावशी मुलांशी, मुलं म्हणजे पन्नाशीची माणसं पण, प्रेमाने बोलत होत्या. ज्यांचं कोणीच नाही त्यांच्यासाठी अशा जागा पाहिजेतच आणि फार कमी आहेत, वेटिंग आहे. डिपॉझिट ऐकून थोरल्याने श्वास घेतला पण हो म्हणाला. धाकटा सगळीकडे फिरला, मावशींना विचारून पाण्याची टाकी बघून आला, ती ऑटोमॅटिक होती, फ्लोट लावलेला. मग बाकावर बसून त्याने खिशातून पाकीट काढलं आणि नोटा लावत बसला. त्याला आकडे दहाच्या पुढे नीट येत नाहीत पण रंग येतात, चॉकलेटी म्हणजे बिस्कीट, जांभळी म्हणजे रिक्षा आणि येताना वडापाव. नोटाबंदीनंतर नवे रंग आले तेव्हा बिचाऱ्याचा सगळा संसार उलटापालटा झाला होता, वाण्याने आणि रिक्षावाल्यांनी मिळून त्याला परत शिकवलं. मी तिथल्या सरांना विचारलं, इथे पैसे कुठे वापरतात? ते म्हणाले, इथे लागतच नाहीत ना मॅडम, सगळं आम्ही देतो. अगदी अभिमानाने म्हणाले, आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते. पण धाकट्याला वाणी ओळखतो, रिक्षाच्या लायनीतले ओळखतात, तळमजल्यावरच्या आजी त्याच्याकडून मेंटेनन्सचं बिल वाचून घेतल्याचं नाटक करतात. ही चाळीस वर्षांची कमाई आहे त्याची, आणि ती ह्या गल्लीबाहेर चालत नाही. २०१६ च्या कायद्यात समाजात राहण्याचा हक्क लिहिलाय, कोणावर अमुकच ठिकाणी राहायची सक्ती होऊ नये असं म्हटलंय. सरकारी घरांच्या योजनांत पाच टक्के राखीव पण आहेत अपंगांना. त्यावर भाषणं होतात. पण ज्या घरात माणूस आधीच राहतोय तिथून त्याला प्रेमाने, चहा पाजून, गाडीत बसवून बाहेर काढलं जातं त्यासाठी कुठल्या खिडकीवर जायचं?

थोरला म्हणतो नाव म्हणजे अडकवणूक आहे. त्याचं बरोबर आहे, आणि म्हणूनच ते नाव लागलं पाहिजे असं माझं मत आहे. विकायच्या आधी कोणालातरी थांबून समितीसमोर, कोर्टासमोर सांगावं लागेल की ह्याची सोय काय केली. मामी गेल्यावर, मी गेल्यावर, थोरला आणि ताई पण थकल्यावर, भाचे आणि पुतण्यांच्या हातात फ्लॅट येईल तेव्हा त्यांना बॅटवालं क्रिकेट आठवणार नाहीये. मामाने पेन्शनच्या कागदात हे बरोबर केलं होतं, रेल्वेत जाऊन धाकट्याचं नाव लावून घेतलं, मामीच्या नंतर फॅमिली पेन्शन त्याला आयुष्यभर मिळेल. तिथे त्याला कोणी विचारलं नाही की ह्याला पेन्शन म्हणजे काय ते कळतं का. पैशाचं सुचलं, भिंतींचं राहून गेलं. हार्टचा झटका होता, वेळच मिळाला नाही.

मामीने शेवटी स्वतःच हालचाल केली. ताईला घेऊन ठाण्याला कलेक्टर ऑफिसला गेली, अर्ज दिला, पालक म्हणून आपलं आणि बरोबर ताईचं नाव घातलं. थोरल्याने लेखी हरकत घेतलीय की ताईला मिळकतीत रस आहे. ताईने उत्तर दिलंय की हरकत घेणाऱ्यालाच जास्त रस आहे. मामी मला फोनवर म्हणाली, "दोघं खरं बोलतायत गं, आता कलेक्टर काय करणार." सुनावणीला धाकट्यालाही बोलावणार आहेत, त्यासाठी त्याने इस्त्रीचा शर्ट वेगळा काढून ठेवलाय आणि कोणाला हात लावू देत नाही.

दरम्यान बिल्डिंग खाली करायची नोटीस येणार म्हणून भाड्याचं घर शोधणं सुरू झालं. ते एक स्वतंत्र प्रकरण होऊ शकेल. एजंट फोनवर गोड, प्रत्यक्ष धाकट्याला बघितलं की मालकाचं अचानक लग्न ठरतं, नातेवाईक अमेरिकेहून येतात. एक बाई तर तोंडावरच म्हणाल्या, "आमच्याकडे लहान मुली आहेत." धाकटा त्या वेळी त्यांच्या कुंडीत पडलेलं प्लॅस्टिक उचलत होता. मामी काही बोलली नाही, जिना उतरताना कठडा धरून दर पायरीला थांबत होती. दुसऱ्या एकाने दुप्पट डिपॉझिट मागितलं आणि वर लिहून द्या म्हणाला की "पेशंटची" जबाबदारी तुमची. शेवटी त्याच गल्लीत, चार बिल्डिंग सोडून, तळमजल्याचं घर मिळालं ते वाण्याच्या ओळखीने. घरमालकाने धाकट्याला विचारलं, "मोटर लावता येते ना रे तुला? आमच्याकडे कोणी उठत नाही सकाळचं." धाकटा म्हणाला, किती एचपीची?

भाडं बिल्डर देणार त्यापेक्षा जास्त आहे आणि डिपॉझिट तर मामीला परवडणारं नव्हतंच. ताईने फॅमिली ग्रुपवर नुसता घराचा फोटो टाकला होता, आकडा लिहिला नव्हता. थोरल्याने वाण्याला फोन करून आकडा विचारून घेतला असणार, कारण त्याच संध्याकाळी डिपॉझिटची सगळी रक्कम मामीच्या खात्यात आली, मीच पासबुक भरून दिलं. त्याच्यावर दर महिन्याचा वरचा फरकही तोच देणार आहे, तसा त्याने मेसेज केलाय. चारही नावं लावायच्या संमतीपत्रावर सोसायटीला त्याची सही हवी आहे, ते पत्र मात्र त्याच्याकडे पडून आहे. मामीने विचारलं की म्हणतो, कामात आहे, बघतो.